‘कर्जाचे कारण’ या रकान्याबद्दल : पतसंस्थांतल्या माझ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पतसंस्था, नागरी बँका आणि पगारदार सोसायट्यांचे संचालक, शाखाधिकारी, कर्ज विभागातले कर्मचारी आणि पिग्मी प्रतिनिधी

स.न.वि.वि.

एकतीस वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काढली. क्लार्क म्हणून चिकटलो, शाखाधिकारी म्हणून बाहेर पडलो. एवढ्या वर्षांत किती कर्ज अर्ज हाताखालून गेले याचा हिशेब नाही. अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. त्यात काय काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरदुरुस्ती, म्हैस खरेदी, मुलीचं लग्न, बोअर, आईचं ऑपरेशन आणि काहीच सुचलं नाही की ‘किरकोळ घरखर्च’. त्या रकान्यात ‘जुगार’ हा शब्द मी एकदाही वाचला नाही. पण त्यातले बरेच पैसे जुगारात गेले होते, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक असतं.

असं पत्र खरं तर गृहमंत्र्यांना लिहायची पद्धत आहे. तशी पत्रं भरपूर लिहिली जातात आणि मग पेपरात बातमी येते की अमुक गावच्या पत्र्याच्या शेडवर छापा, सात जण ताब्यात, रोख चार हजार तीनशे रुपये आणि जुगाराचं साहित्य जप्त. पोलीस जुगाऱ्याला योगायोगाने गाठतात. डॉक्टर शेवटी, तोही नशीब असेल तर. बायकोला कळतं तेव्हा कपाटातला डबा रिकामा झालेला असतो. आपल्याकडे मात्र तो माणूस स्वतःच्या पायाने, फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन येतो. वर्षातून दोनदा, तीनदा येतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

एका शिक्षकाचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायम नोकरी, पगार वेळेवर, व्यसन म्हणाल तर सुपारीचंही नाही. पहिलं कर्ज दीड लाख, कारण घरदुरुस्ती. आठ महिन्यांनी आले, नवं-जुनं करून, म्हणजे जुनं कर्ज नव्या मोठ्या कर्जातून फेडून, तीन लाख केलं. त्यानंतर पाच महिन्यांत बायकोचं गंठण आणि पाटल्या सोने तारणात. मग पुन्हा नवं-जुनं. प्रत्येक वेळी सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट होतं आणि प्रत्येक वेळी मी ते तपासलं. म्हणजे काय केलं? पगार जमा होतो का आणि मागचे हप्ते गेलेत का, या दोनच गोष्टींवर पेन्सिलने टिक केली. मधली पानं उलटली.

पुढे सगळं उघडं पडल्यावर तीच पानं मी काढून बसलो. त्यात काही गूढ नव्हतं. पगार तीन तारखेला जमा, सहा तारखेला खात्यात अकराशे रुपये. एकाच तारखेला चौदा-चौदा नोंदी. पाचशे, पाचशे, हजार, दोन हजार, दोन हजार, मग परत पाचशे. ज्यांना पैसे गेले त्यांची नावं कुठल्या तरी ‘ट्रेडर्स’ची, ‘एंटरप्रायझेस’ची. मास्तरांचा असल्या कुणाशी व्यवहार असायचं काही कारण नव्हतं. अधूनमधून तीन-चार हजार उलटे जमा, आणि ते आले त्याच दिवशी परत बाहेर. महिनाअखेरीला मोबाईलवरच्या कर्ज ॲपकडून आलेले आठ हजार, नऊ हजार. एखाद्या दूध संकलन केंद्रावरच्या पोऱ्यालाही वाचता येईल इतकं ते सरळ लिहिलेलं होतं.

मग मी कर्ज का दिलं? मला धोका नव्हता म्हणून. मुख्याध्यापकांचं पगार कपातीचं हमीपत्र होतं, दोन जामीनदार होते, दोघेही कायम शिक्षक. संस्थेच्या दृष्टीने ते कर्ज उत्तम होतं. आपली सगळी तपासणी ‘आपले पैसे बुडतील का’ या एका प्रश्नाभोवती उभी आहे. समोरचा माणूस बुडतोय का, याला फॉर्ममध्ये जागाच नाही. आणि गंमत म्हणजे आपले पैसे बुडालेही नाहीत. थकलेले हप्ते जामीनदारांच्या पगारातून वसूल झाले. त्यातल्या एकाच्या मुलीची इंजिनीअरिंगची फी त्या वर्षी भरायची होती.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. प्रकरण घरी कळल्यावर सासऱ्यांनी अर्धा एकर विकला आणि सगळी देणी एका दिवसात मिटवली. आपल्याकडून बेबाकी दाखला घेतला, पेढे दिले. मीही खाल्ला एक. पाच महिन्यांनी मास्तर पुन्हा टेबलासमोर. खातं निल, थकबाकी शून्य, म्हणजे आपल्या नियमाने ते नव्या कर्जाला पात्र! घरच्यांनी पाटी कोरी करून दिली आणि खडू आम्ही दिला. जुगारात अडकलेल्याचं कर्ज नुसतं फेडून टाकलं की तो मोकळा होतो, हा समज घराघरांत आहे. कर्ज फेडणं चूक नाही. पण पैशाचा ताबा त्याच्याच हातात ठेवून फेडणं म्हणजे पुढच्या डावाला भांडवल पुरवणं आहे.

सोने तारणाच्या काउंटरवर तर आपण कारणही विचारत नाही. बाई येते, रुमालाची गाठ सोडते, सराफ कसोटीवर घासतो, वजन, भाव, सही, नोटा. नवरा बाहेर मोटारसायकलवर फोनमध्ये डोकं घालून बसलेला. ती नोटा न मोजता पर्समध्ये टाकते, कारण त्या तिच्या नाहीतच. आठ-नऊ मिनिटांत काम उरकतं आणि त्याच वेगाची आपण फलकावर जाहिरात करतो. कर्ज तिच्या नावावर, लिलावाची नोटीस तिच्या नावावर, आणि उद्या तिला शिलाई मशीनसाठी कर्ज हवं असेल तेव्हा खराब झालेला रेकॉर्डही तिचाच. जुगार कोण खेळतं याची मोजदाद करताना बायकांचा आकडा कमी येत असेल. तो कुणाच्या दागिन्यांवर खेळला जातो हे मोजलं तर चित्र उलटं दिसेल.

आणि आपल्या स्वतःच्या घरातलं? माझ्याच शाखेत एक पिग्मी एजंट होता. हुशार पोरगा, पावसातसुद्धा कलेक्शन चुकायचं नाही. रोजचं कलेक्शन वीस-बावीस हजार. आधी एक दिवसाचं फिरवलं, दुसऱ्या दिवशी भरलं. मग दोन दिवसांचं, मग आठवड्याचं. भाजी विकणाऱ्या एका मावशी वारल्या, वारस पासबुक घेऊन आले आणि मेळ बसेना. आम्ही काय केलं? अनामत जप्त केली, बापाकडून प्लॉट लिहून घेतला, पोराला चोर ठरवलं आणि फाईल बंद केली. संचालक मंडळाच्या त्या बैठकीत ‘पैसे गेले कुठे’ हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. रमीत गेले होते, आणि रमीतले काढायला म्हणून क्रिकेटच्या सट्ट्याच्या ‘आयडी’त.

‘गेलेले काढायचे’ हे शब्द ध्यानात ठेवा. या रोगाचं नाव तेच आहे म्हणा ना. माणूस हावेपोटी खेळायला लागतो हे खरं असेल, पण खेळत राहतो तो हावेपोटी नव्हे, गेलेले काढण्यासाठी. हरलेला माणूस थांबेल असं आपल्याला वाटतं. तो हरल्यामुळेच थांबत नाही. थांबलं तर तोटा कायमचा झाला, खेळत राहिलं तर अजून ‘येणे’ बाकी आहे! बुडीत कर्ज निर्लेखित न करता वर्षानुवर्षं येणे बाकीत दाखवणाऱ्या संस्था आपण पाहिल्या आहेत. त्यांचं आणि याचं मन सारखंच चालतं.

माझे चुलते लालबागला गिरणीत होते. मटका त्यांच्याकडून मला ऐकून माहीत. त्याची सुरुवात कापसातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईत यायचे, त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आता आकडा पत्त्यांतून निघू लागला. ओपन, क्लोज, जोडी, पाना हे शब्द गिरणगावातून गावाकडे आले ते आजतागायत आहेत. चुलते म्हणायचे, स्वप्नात साप दिसला तरी त्याचा आकडा असायचा.

मटक्याचा भाव साधारण असा की एका आकड्याला दहाला नव्वद. आकडे दहा, देणं नऊ पट. जोडीला दहाला नऊशे, पण जोड्या शंभर. म्हणजे शंभर रुपये फिरले की सरासरी दहा पेढीचे. ‘नव्वद टक्के तर परत येतात’ असं म्हणणारा मला भेटला आहे, तोही कॉमर्स ग्रॅज्युएट. आपण बँकवाले आहोत, आपल्याला चक्रवाढ कळते. ती इथे उलटी लावून बघा. दहा हजार घेऊन बसलेला माणूस जिंकलेलं घेऊन उठत नाही, तेच परत लावतो. तेवढी रक्कम दहा वेळा फिरवली तर सरासरी तीन हजार चारशे ऐंशीच्या आसपास उरतात. वीस वेळा फिरवली की बाराशे. त्यात ते दहा हजार चौदा टक्क्यांनी आपल्याकडून नेलेले. मटक्यात वीस वेळा फिरवायला दहा दिवस तरी लागायचे, कारण बाजार उघडायच्या आणि बंद व्हायच्या वेळा ठरलेल्या. पानटपरीपर्यंत चालत जायचं, चिठ्ठी लिहून घ्यायची, खिशातली नोट काढून द्यायची, रात्री निकालाची वाट बघायची. या प्रत्येक टप्प्यावर घरी परतायची एक संधी असायची. मोबाईलने सगळे टप्पे पुसून टाकले. लावणं आणि निकाल यांतलं अंतर काही सेकंदांचं, दुकान बंद होत नाही, आणि नोट हातातून जाताना दिसत नाही. वीस फेऱ्या एका लघुशंकेच्या सुट्टीत होतात. जुगार जितका झटपट, तितका तो जास्त पकडतो, हे जगभर दिसून आलेलं आहे.

आणखी एक खोडी त्यात असते. सत्तेचाळीस लावली आणि अठ्ठेचाळीस आली, की माणूस म्हणतो, ‘एका घराने गेली.’ गणिताच्या दृष्टीने अठ्ठेचाळीस आणि शून्य-तीन यांत काही फरक नाही, दोन्हीत पैसे गेले. पण मनाला तो ‘जवळजवळ जिंकलो’ असा वाटतो आणि हात पुन्हा खिशाकडे जातो. यंत्रं आणि ॲप बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपलाही संबंध आता आला आहे. आपला मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे. रमीत कौशल्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं, ते प्रकरण एका क्लबातल्या पत्त्यांचं होतं. त्या एका वाक्याच्या आडोशाला पन्नास वर्षांनी मोबाईल कंपन्यांनी बंगले बांधले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद ठरवले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. आणि व्यवहार पार पाडणाऱ्या बँका-वित्तसंस्थांना चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, त्याला बळी मानलं आहे. मला ही त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. अर्थात तोच माणूस मोबाईल बाजूला ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला की १८८७ च्या कायद्याने आरोपी होतो.

बंदीने दुकान बंद झालं, गिऱ्हाईक कुठे गेलं? आयडीकडे. गावातलाच कुणीतरी व्हॉट्सॲपवर आयडी-पासवर्ड देतो, पैसे दर आठवड्याला बदलणाऱ्या खात्यावर टाकायचे. ती खाती कुणाची? कॉलेजच्या पोरांची, ऊसतोड मजुरांची, पाच-सात हजारांवर पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमसकट भाड्याने दिलेली. तीही खाती तुमच्याच काउंटरवर उघडली गेली आहेत. ज्या खात्यात वर्षभर रोजगार हमीचे पैसे सोडून काही आलं नाही, त्यात एका दिवशी साठ अनोळखी जमा आणि संध्याकाळपर्यंत शिल्लक शून्य, हे संगणकावर दिसतं. पोलिसांची नोटीस आल्यावर ते दिसलं, असं म्हणण्यात अर्थ नाही.

हा कायदा आणताना केंद्र सरकारने एक आकडा दिला होता की सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी या खेळांत साधारण २० हजार कोटी रुपये गमावतात. मी सवयीने भागाकार केला. माणशी साडेचारशे रुपयेसुद्धा होत नाहीत. एका जेवणाचे पैसे! सरासरीने पाहिलं तर कुणाचंच फार काही गेलं नाही. पण नुकसान सरासरीने होत नसतं. बहुतेकांचे शंभर-दोनशे जातात आणि ते विसरतात. उरलेला डोंगर थोड्या घरांवर कोसळतो. ती घरं आकडेवारीत सापडत नाहीत, थकबाकीच्या यादीत सापडतात.

सरकारच्या दुटप्पीपणाबद्दल बोलायचं तर पत्र लांबेल. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १२ एप्रिल १९६९ पासूनची. कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये केला, तो कधी लागूच केला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. तेही चांगलंच झालं म्हणा. शेजारी गोव्यात मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला मनाई आहे. म्हणजे जी गोष्ट आपल्या माणसांना नको ती पाहुण्यांना चालते, आणि ते पाहुणे कोण तर कोल्हापूर-बेळगावहून शनिवारी गाड्या भरून जाणारे आपले सभासद. आपल्या विधान परिषदेत २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात एका मंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर मी काही बोलत नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. जुगाराच्या आहारी जाणं हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तो व्यसनांच्या गटात आहे, दारू-अफूच्या शेजारी. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्येच तो त्या गटात घातला. फरक एवढाच की दारूचा वास येतो, याचा येत नाही. चाल बिघडत नाही, डोळे लाल होत नाहीत. शरीरावर जी खूण उमटत नाही ती खात्यावर उमटते. दारूड्याला आपण कर्ज देताना दोनदा विचार करतो. याला ‘सभ्य माणूस’ म्हणून खुर्ची देतो.

तेव्हा करायचं काय? मी डॉक्टर नाही, टेबलापुरतं सांगतो. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा नवं-जुनं करायला कुणी आला तर स्टेटमेंटची मधली पानं वाचा आणि त्याला केबिनमध्ये बोलवा, दार लावून. तिथे प्रवचन नको. सरळ विचारा, ‘पैसे खेळात जातात का?’ हा प्रश्न मी निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत अकरा जणांना विचारला. एक चिडून उठून गेला. तिघे नाही म्हणाले. सात जण रडले. त्यातल्या एकाला हे विचारणारा मी पहिला माणूस होतो.

हो म्हणाला, तर नुसतं ‘कर्ज मिळणार नाही’ म्हणून हाकलू नका. तो इथून उठून थेट सावकाराकडे जातो, नाहीतर त्या ॲपकडे, जे फोनमधले सगळे नंबर उचलतं आणि हप्ता चुकला की बहिणीला फोन करतं. आहे ते कर्ज लांबवा, हप्ता लहान करा, पण नवी रोकड हातात देऊ नका. फी असेल तर कॉलेजच्या नावे, ऑपरेशन असेल तर हॉस्पिटलच्या नावे. सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. हे त्याला सांगा, कारण त्याला दुसरं कुणी सांगत नाही. शिवाय पैजेचा करार कोर्टात टिकत नाही हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० मध्येच आहे. आयडीवाला ‘दोन लाख बाकी आहेत, केस करीन’ म्हणून धमकावतो त्यात दम नसतो. हे ऐकल्यावर एका पोराने माझ्यासमोर आठवड्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवण केलं, असं त्याची आई म्हणाली.

एक सोय आपण आपल्या अखत्यारीत करू शकतो, तिला ना सरकारची परवानगी लागते ना संगणकाचा खर्च. सभासदाने स्वतःहून अर्ज द्यायचा : ‘मला माझ्या पत्नीच्या (किंवा आईच्या, भावाच्या) सहीशिवाय कर्ज देऊ नये.’ तो अर्ज मागे घ्यायचा झाला तरी सहा महिने थांबावं लागेल. ज्याला यातून सुटायचंय त्याची शुद्धीतली इच्छा ही त्याच्या रात्रीच्या इच्छेपेक्षा वरचढ ठरावी, एवढंच. ब्रिटनमध्ये असं खूप आधी सुरू झालंय. तिथे ग्राहक स्वतःच्या कार्डावर जुगाराचा व्यवहार बंद करून ठेवू शकतो. आणि १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायलाच मनाई आहे, म्हणजे उसन्या पैशांवर नाही. ज्या देशात जुगार कायदेशीर आहे त्यांना हे सुचतं. आपल्याकडे तो बेकायदेशीर आहे म्हणून तो नाहीच असं धरून आपण बसलो आहोत.

वसुलीबद्दल जरा कडक बोलतो, राग मानू नका. शाळेच्या स्टाफरूममध्ये जाऊन मोठ्याने नाव पुकारणं, थकबाकीदाराच्या दारात वसुली पथकाची गाडी उभी करून हॉर्न वाजवणं, चौकात फ्लेक्स लावणं, हे आपण केलं आहे. मी केलं आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला हा कायदेशीर मार्ग आहे, तो वापरा. अब्रू हे तारण नाही. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात मरणाचे विचार येणं हे अपवादाने घडत नाही, आणि आपली गाडी दारात कुठल्या दिवशी उभी राहते याने फरक पडतो. ‘सगळं संपवून टाकावं वाटतं’ असं कुणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका, एकटं सोडू नका, घरच्या माणसाला बोलवा आणि १४४१६ ला फोन लावून द्या. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथला ओपीडीचा वार लिहून भिंतीवर लावा. आपल्या नोटिशीच्या तळाशी वकिलाचा पत्ता असतो, त्याखाली हा नंबर छापायला किती शाई लागते?

आणि गुप्तता. इथे मला आपल्याच माणसांची धास्ती आहे. केबिनमध्ये सांगितलेली गोष्ट संध्याकाळी संचालकांच्या चहाच्या कट्ट्यावर पोचली, तर त्या गावात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. कर्ज उपसमितीसमोर ‘घरगुती अडचण’ एवढंच जावं.

‘आपण काय पोलीस आहोत का? उद्या सगळेच असे तपासले तर धंदा शेजारच्या संस्थेत जाईल.’ हे वाक्य मला एका बैठकीत ऐकवलं गेलं आणि मी तेव्हा गप्प बसलो, कारण शेजारची संस्था खरोखरच रस्त्याच्या पलीकडे होती. म्हणूनच हे पत्र एका संस्थेला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे. सहकार या शब्दाचा काही अर्थ उरला असेल, तर सभासद हा आपला मालक आहे. मालक विहिरीकडे चाललेला दिसल्यावर त्याला दोर विकायचा नसतो.

ते शिक्षक आता बरे आहेत, असं लिहून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पगाराचं खातं बायकोबरोबर जोड आहे, एटीएम कार्ड तिच्याकडे, फोन साधा बटणांचा. रोज दोनशे रुपये खिशात असतात आणि त्याचा हिशेब रात्री वहीत लिहायचा असतो. साताठ महिन्यांत दोनदा घसरले. दुसऱ्या वेळी लपवलं नाही, स्वतः बायकोला सांगितलं, मग मला. त्या दिवशी सातशे रुपये गेले होते. सात लाखांच्या माणसाचे सातशे गेले आणि तो ते सांगायला आला, याचं मोल कुठल्या ताळेबंदात धरायचं ते मला अजून समजलेलं नाही. जामीनदारांपैकी एकजण अजून त्यांच्याशी बोलत नाही. त्याला मी दोष देत नाही.

सप्टेंबरअखेर सगळ्या संस्थांच्या वार्षिक सभा होतील. नफावाटणी, लाभांश, भेटवस्तूला स्टीलचा डबा की छत्री, यावर नेहमीप्रमाणे तासभर जाईल. माझं सभासदत्व अजून चालू आहे. त्या स्वेच्छा अर्जाचा आणि नोटिशीवर १४४१६ छापण्याचा ठराव मी आमच्या सभेत अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या विषयांत मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव लिहून ठेवलंय. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी